वधू हवी असल्यास १ दाबा

वधू-वर मेळाव्याची जाहिरात हे एके काळी महाराष्ट्रातलं सर्वांत सोपं काम होतं. ज्ञातीच्या मासिकात शेवटच्या पानावर एक चौकट, देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूने दोन ओळी, आणि ज्या घरातली मुलगी दुसऱ्यांदा एम.ए. करायला लागली आहे त्या घरी कुणीतरी सहज म्हणून चहा पिऊन येणं. एवढ्यावर मंगल कार्यालय भरायचं. चौकटीत एक दूरध्वनी क्रमांक असे आणि खाली "संपर्क : सायं. ५ ते ७". त्या वेळेत फोन लावला की पलीकडच्या बाई आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नसत, आधी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारत. आपण गाव सांगितलं की आपलं कुलदैवत, शेतीचा वाद आणि धाकट्या चुलत्याने पळून जाऊन केलेलं लग्न हे सगळं त्यांना आपोआप कळे.

आता चौकटीत क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, आपण "नमस्कार" टाकतो आणि बोट उचलायच्या आत उलट नमस्कार येतो. लग्नाच्या बोलणीत इतक्या तातडीने उत्तर देणारा पक्ष अडलेला समजतात. हे आमच्या मंडळाचा बॉट तयार करणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हतं, कारण तो तेवीस वर्षांचा होता आणि त्याचं स्वतःचं कॉलेजातच जमलेलं होतं.

मंडळ पुण्यातलं, नोंदणीकृत, आणि मी त्याच्या कार्यकारिणीवर "निमंत्रित" आहे. निमंत्रिताला मत नसतं, चहा असतो. बॉट विकायला आलेल्या त्या मुलाने भिंतीवर आलेख दाखवत "काका, याने तुमची एंगेजमेंट वाढेल" असं सांगितलं तेव्हा खजिनदारांनी चष्मा काढला. "गेल्या मेळाव्यातून आमच्या एंगेजमेंट चार झाल्या. तुमच्या यंत्राने किती होतील ते आकड्यात सांगा." मुलगा म्हणाला, पस्तीस टक्के वाढ धरा. खजिनदारांनी पावतीपुस्तकाच्या मागे गणित केलं. वर्षाला एक पूर्णांक चार दशांश साखरपुडे जास्त पडतात असं निघालं आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

मग बॉटची घडण समजावून सांगण्यात आली. व्हॉट्सअ‍ॅपवर एका निरोपाखाली उत्तराची बटणं फक्त तीन देता येतात आणि एका बटणावर वीसच अक्षरं मावतात. वेलांटी आणि मात्रा यांचाही हिशेब त्यात होतो. "वधू" आणि "वर" ही दोन बटणं ठरली, म्हणजे आधी कोण यावर अर्धा तास जाऊन मग ठरली. तिसऱ्यासाठी चिटणीस म्हणाले "पालक", कारण नोंदणी तेच करतात. मावशी म्हणाल्या "पुनर्विवाह", कारण खरी अडचण तिथे आहे. मावशी म्हणजे मंडळाच्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या. त्या कुणाच्या सख्ख्या मावशी आहेत हे आता कुणालाच आठवत नाही. खजिनदार म्हणाले "देणगी". एवढ्यात मुलाने सांगितलं की बटणांऐवजी यादी दिली तर दहा ओळी बसतात. दहा म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. "परदेशस्थ", "पत्रिका पाहत नाही", "शाकाहारी, अंडं चालेल" अशी एकेक कलमं येत गेली आणि दहा ओळी भरल्या. काही दिवसांनी एका मुलाने मावशींना फोन करून विचारलं, "मी शाकाहारीमध्ये बसतो का?" तेव्हा कळलं की यादीत "वर" ही ओळच राहिली आहे.

पुढचा घोळ संबोधनाचा. अनोळखी माणसाला सभ्यपणे हाक मारायची तर आपल्याकडे दादा, ताई, काका, मावशी यापलीकडे फारसा साठा नाही. बॉटलाही तोच शिकवलेला. त्यामुळे "नमस्कार दादा, वधू शोधत आहात?" आणि "नमस्कार ताई, वर शोधत आहात?" असे निरोप सर्वत्र गेले आणि एकाच मेळाव्याला येणारी समस्त उपवर मंडळी आदल्या आठवड्यातच एकमेकांची भाऊ-बहीण झाली. अध्यक्षांनी "श्री." आणि "कु." सुचवलं. त्यावर मावशींनी विचारलं की पुनर्विवाहासाठी आलेल्या बाईला काय लिहिणार? अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. तोवर बॉट कुणालाच काही म्हणेनासा झाला. "नमस्कार. जन्मतारीख?" बस. पोलीस चौकीत याहून जास्त जिव्हाळा मिळतो.

आणि जन्मतारीख विचारली की ती सांगतात वडील. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक "वापरकर्ता" म्हणजे एक माणूस आणि एक फोन असं धरून चालतात. आमच्याकडे फोन वडिलांचा, फोटो मुलाचा, मजकूर आईचा आणि अपेक्षा आत्याच्या. एका सेवानिवृत्त गृहस्थांनी जन्मवर्ष १९५७ असं, स्वतःचं, इमानदारीत भरलं. उंची स्वतःची, शिक्षण स्वतःचं, नोकरीच्या ठिकाणी "निवृत्त". अपेक्षांमध्ये मात्र "गोरी, उंच, आयटीमधील, वय २७ पर्यंत". बॉटला यात काहीच खटकलं नाही. रात्री पावणेअकराला "अभिनंदन! वर म्हणून आपली नोंदणी पूर्ण झाली आहे" असा निरोप आला तेव्हा फोन काकूंच्या हातात होता, भाच्याच्या मुंजीचे फोटो बघायला घेतलेला. पुढचं संभाषण बॉटच्या आवाक्यातलं नव्हतं.

कार्यकारिणीत एक आजोबा आहेत, त्यांचा या प्रकाराला तात्त्विक विरोध होता. लग्नं काय यंत्राने जुळवायची? हे विचारताना त्यांच्या मांडीवर पंचांग होतं. गुणमेलनाची कलमं आठ. वर्णाला एक गुण, वश्याला दोन, असं करत नाडीला आठ, बेरीज छत्तीस. अठराच्या खाली गेलं की विषय संपला, आणि दोघांची नाडी एक निघाली की ते आठ गुण सरळ शून्य. अट, गुण, बेरीज, निकाल. मुलाने उत्सुकतेने ते सगळं उतरवून घेतलं आणि चहा येईपर्यंत बॉटमध्ये घातलं. आजोबांचा विरोध मावळला. उलट बॉटला "रविवारी राहुकाळात उत्तर देऊ नकोस" असं सांगता येईल का, याची त्यांनी चौकशी केली.

मला स्वतःला सर्वांत गंमत वाटली ती चोवीस तासांच्या नियमाची. समोरच्याने शेवटचा निरोप पाठवल्यापासून चोवीस तास बॉटला त्याच्याशी मोकळं बोलता येतं; त्यानंतर फक्त व्हॉट्सअ‍ॅपने आधी मंजूर केलेले ठरावीक मजकूर पाठवता येतात, आणि जाहिरातीचा असेल तर त्याचे पैसे पडतात. चोवीस तास! मुलगी पाहून गेलेली माणसं "कळवतो" म्हणतात आणि थेट दुसऱ्याच्या बारशाला भेटतात, हे कॅलिफोर्नियात बसून कसं कळावं? आमच्याकडे "कळवतो" म्हटलं की दोन्ही घरं समजून घेतात आणि दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात हसून बोलतात. बॉटने मात्र "कळवतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे "प्रलंबित" असं लिहिलं आणि दर गुरुवारी मंजूर मजकूर धाडायला सुरुवात केली : "आपण अद्याप कळवलेलं नाही." चौथ्या गुरुवारी कोथरूडचं एक कुटुंब हात जोडून कार्यालयात आलं, नोंदणीशुल्क भरलं आणि म्हणालं, हे थांबवा. खजिनदारांनी ती नोंद वहीत "यंत्राद्वारे" अशी केली.

यादीच्या अगदी तळाशी एक ओळ होती : "माणसाशी बोलायचं असल्यास ० दाबा." मुलाच्या अंदाजाने शंभरात दहा लोक ती वापरणार होते. प्रत्यक्षात ते दहा सोडून बाकीचे सगळे वापरतात. शून्यापलीकडे मावशी बसलेल्या असतात, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री मालिका संपल्यावर. त्या अंगठ्याने टाइप करत नाहीत. फोन पाटावर ठेवून उजव्या तर्जनीने एकेक अक्षर लिहितात. समोरच्याला बराच वेळ "टाइप करत आहे" असं दिसत राहतं आणि मग "हो" एवढंच उमटतं.

गंमत अशी की माणूस हवा म्हणून शून्य दाबून आलेल्यांना मावशी माणूस आहेत हेच पटत नाही. बॉट चटकन, शुद्ध मराठीत, स्वल्पविरामासह बोलतो. त्याला लोक "धन्यवाद मॅडम" म्हणतात, रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतात. मावशींना विचारतात, "तुम्ही बॉट आहात का?" "नाही हो." "कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची रीत अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० सालच्या त्यांच्या गाजलेल्या लेखात सांगून ठेवली आहे. त्यांच्या खेळाची सुरुवात यंत्रापासून नव्हतीच. एका खोलीत एक पुरुष आणि एक स्त्री, दुसऱ्या खोलीत प्रश्न विचारणारा. आवाज ऐकू येऊ नये म्हणून उत्तरं टंकलिखित. आणि यातला पुरुष कोण, स्त्री कोण हे ओळखायचं. मग त्यातल्या पुरुषाच्या जागी यंत्र बसवलं तर काय होईल, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे बुद्धिमान यंत्रांचा सगळा विचार निघाला तो पडद्याआड वधू कोण आणि वर कोण यापासून. मावशींना इतकी यातायात लागत नाही. त्या उलट विचारतात, "तुमचं आडनाव आणि गाव?" आणि उत्तर आल्यावर लिहितात, "तुमच्या आजींना तपकिरीची सवय होती ना?" त्यानंतर आजवर कुणी पुरावा मागितलेला नाही.

यंत्राशी माणसं मन मोकळं करतात हेही काही आजचं नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एलायझा नावाचा संगणक प्रोग्रॅम जाहीर केला. तो मानसोपचारकाचं सोंग घेऊन, आपण जे बोललो तेच उलटवून प्रश्न म्हणून परत विचारायचा. समजत काहीच नव्हतं. तरी वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम हादरले. मी नाही हादरलो. "मुलगी साधी हवी." "साधी म्हणजे?" "म्हणजे घर सांभाळणारी." "सांभाळणारी म्हणजे?" असं करत मावशींनी कित्येक वरमायांना स्वतःच्याच अपेक्षा ऐकवून गप्प केलेलं मी पाहिलं आहे.

आता जरा अवघड भाग. जाहिरात जोरात झाली, नोंदणी वाढली, पण वाढले ते सगळे वर. मुलींना शुल्क माफ केलं, मुलींच्या सोबत येणाऱ्या मैत्रिणींना नाश्ता माफ केला, तरी आकडे हलेनात. हलणार कसे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे स्त्रिया ९२९ होत्या आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली ८९४. ती मुलं आता एकेक करून वयात येत आहेत. शेतकरी मुलाला तर जनगणनेआधीच नकार आलेला असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले आणि आम्हाला बायको द्या म्हणाले. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा अशीही त्यांची मागणी होती. लोक हसले. मला विचाराल तर त्या मोर्चात आमच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त अक्कल होती, कारण ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्या कुठल्याही यादीत सापडणार नाहीत, हे त्यांनी अर्ज योग्य खिडकीवर नेऊन सांगितलं.

खजिनदारांना मात्र वेगळंच सुचलं. बॉटलाच दोन-चार मुलींची नावं देऊन गप्पा मारायला बसवलं तर? निदान मुलगे कंटाळणार तरी नाहीत. मी त्यांना अ‍ॅश्ले मॅडिसन या संकेतस्थळाची गोष्ट सांगितली. विवाहितांना बाहेरख्यालीसाठी जोडीदार मिळवून देणारी ही कंपनी. २०१५ मध्ये तिची माहिती चोरट्यांनी उघड केली, तेव्हा पुरुषांशी लाडिक बोलणाऱ्या कित्येक बाया नुसतेच बॉट होते असं निघालं. पत्रकारांनी छाननी केली तर बायकी बॉट सत्तर हजारांवर आणि पुरुषी पन्नाससुद्धा नाहीत. गिऱ्हाईक पैसे भरून यंत्राशी लाडात बोलत होतं. "अरेरे," खजिनदार म्हणाले. मग थोडं थांबून, "शुल्क किती होतं त्यांचं?"

आणि फसणारे काही बावळट असतात असं नाही. रॉबर्ट एप्स्टाइन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. यंत्र माणूस म्हणून खपतं का याची जी लोबनर स्पर्धा भरायची, तिच्या संचालनातच त्यांचा हात होता. हेच गृहस्थ जोडीदाराच्या शोधात असताना इवाना नावाच्या एका रशियन मुलीला महिनोन् महिने प्रेमपत्रं लिहीत राहिले. ती सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नसे, पण प्रेमात कोण देतं? अखेर संशय आल्यावर त्यांनी कळफलकावर वाटेल तशी बोटं आपटून अक्षरांचा कचरा पाठवला, आणि उत्तरादाखल आईविषयी सविस्तर पत्र आलं. ही फजिती त्यांनी २००७ मध्ये स्वतःच लिहून छापली, हा त्यांचा मोठेपणा. माझ्या ओळखीत "तिने माझा मेसेज वाचून रडणारा चेहरा टाकला" एवढ्या भांडवलावर बेंगळुरूला जाऊन आलेले इंजिनिअर आहेत. त्यांनी काही छापलेलं नाही.

पुढच्या वर्षी बॉट शहाणा करण्यात आला. आता तो बटणांवर अडत नाही, काहीही विचारलं तरी वाक्यं जुळवून उत्तर देतो. त्याचा स्वभाव आमच्या अध्यक्षांच्या वळणावर गेला आहे : कुणालाही नाही म्हणत नाही. नाशिकच्या एका कुटुंबाने विचारलं, जेवणात पुरणपोळी आहे का? बॉट म्हणाला, "हो, नक्कीच! आमच्या मेळाव्यात पारंपरिक महाराष्ट्रीय भोजनाचा आनंद घ्या." मंडळाने ठरवलं होतं उपीट आणि चहा. नाशिककर नऊ जण आले, त्यांतला वर एक. उपिटाची बशी हातात धरून त्यांनी फोन पुढे केला. अध्यक्ष म्हणाले, "हे आम्ही नाही बोललो, बॉट बोलला."

नेमका हाच बचाव एअर कॅनडा या विमान कंपनीने करून पाहिला होता. तिच्या बॉटने, घरात मृत्यू झालेल्या एका प्रवाशाला, सवलतीचा अर्ज प्रवासानंतरही करता येईल असं चुकीचं सांगितलं. कंपनी भांडताना बॉट ही जणू स्वतंत्र व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार, अशा पवित्र्यात गेली. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते धुडकावलं आणि आठशेहून अधिक डॉलर भरायला लावले. मी हे अध्यक्षांच्या कानात सांगितलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या खानावळीतून नऊ पोळ्या मागवल्या आणि बिल "प्रसिद्धी खर्च" या खात्यात पडलं.

एवढं सगळं असूनही मावशींचा शून्य काही बंद झाला नाही, आणि त्याचं कारण मला हळूहळू दिसायला लागलं. मेळाव्याला येणारा माणूस जे विचारतो ते त्याला विचारायचं नसतं. "पार्किंग आहे का?" याचं उत्तर बॉट देतो : आहे, शंभर दुचाकी, चाळीस चारचाकी. मावशी लिहितात, "मागच्या गल्लीतूनही दार आहे. तिकडून या, कुणी बघत नाही." "कार्यक्रम किती वाजता संपेल?" बॉट सांगतो, दीड. मावशी सांगतात, "नाही पटलं तर अकराला जा. पर्स विसरले म्हणून सांगायचं." "माईकवर बोलणं सक्तीचं आहे का?" यावर बॉटने परिणामकारक भाषणाच्या पाच युक्त्या पाठवल्या होत्या. मावशींनी त्या मुलाचा परिचय स्वतः वाचून दाखवला आणि त्याचा घसा बसल्याचं सांगितलं.

यंदाच्या मेळाव्याच्या आदल्या रात्री मी कार्यालयात बिल्ल्यांना टाचण्या लावत होतो. मावशींच्या फोनवर एका नंबरावरून निरोप आला, "उद्या आई-बाबांना न आणता एकटी आले तर चालेल का? ते सोबत असले की मला बोलता येत नाही." मावशींची तर्जनी अजून पहिल्या अक्षरावर होती तोच दुसऱ्या नंबरावरून निरोप : "मुलीला न आणता आम्ही दोघंच आलो तर चालेल का? ती सोबत असली की आम्हाला बोलता येत नाही." आडनाव एक, गाव एक, पत्ता एकच. मावशींनी दोघांनाही "चालेल" असं लिहिलं. मग बिल्ल्यांच्या ढिगातून त्या आडनावाचे तीन बिल्ले शोधले. पालकांचे दोन व्यासपीठाजवळच्या टेबलावर दिले आणि मुलीचा मागच्या दाराशी बसणाऱ्या स्वयंसेवकाकडे, आणि मला म्हणाल्या, "त्यांची वेळ दहाची लिही, हिची साडेअकराची. आणि मधल्या वेळात उपीट गरम राहील एवढं बघ."